'हे लग्न वाचेल का?' : सल्ल्याच्या पानावर प्रेम कसं बदलत गेलं

एक जुनं कात्रण दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरून येतं, तुम्हीही पाहिलं असेल. इंग्रजी मासिकाचं पान, १९५५ सालचं म्हणून, आणि त्यात चांगल्या बायकोने काय काय करावं याची यादी. नवरा यायच्या आधी केसाला रिबन लाव, पोरांची तोंडं धुऊन ठेव, आल्या आल्या तुझी गाऱ्हाणी सांगत बसू नको, आधी त्याला बोलू दे. मग ते वाचून निम्मे लोक म्हणतात काय भयंकर काळ होता, आणि निम्मे म्हणतात म्हणूनच तेव्हा संसार टिकायचे.

आता ते पान बहुतेक खोटं आहे. 'हाउसकीपिंग मंथली' अशा नावाच्या मासिकाचं ते असल्याचं सांगतात पण तो अंक आजवर कोणालाही दाखवता आलेला नाही, आणि पानावरचं चित्र १९५७ सालच्या एका वेगळ्याच ब्रिटिश मासिकाच्या मुखपृष्ठावरून उचललेलं आहे. मला त्याचं वाईट वाटतं ते यासाठी की त्या काळातली सल्ल्याची खरी पानं उपलब्ध आहेत आणि ती या बनावट यादीपेक्षा कितीतरी जास्त सांगतात. खऱ्या पानावर यादी नसते. तिथे एक अडकलेलं माणूस पत्र लिहितं, दुसरं माणूस त्याला उत्तर देतं, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून त्या काळाला प्रेम म्हणजे काय वाटायचं, बाईने कसं असावं वाटायचं, पुरुषाने काय करू नये वाटायचं, हे सगळं आपोआप बाहेर पडतं. तर ही पानं वाचायची कशी ते आज बघू.

हे पान चालतं कसं

इंग्रजीत अशा पानावर उत्तरं देणारीला 'ॲगनी आंट' म्हणतात, दुःख ऐकून घेणारी मावशी असा साधारण अर्थ. मी आपलं सल्लागार एवढंच म्हणतो. पद्धत सोपी आहे, वाचक टोपणनावाने पत्र पाठवतो, ऑफिसात ढिगातून चारपाच पत्रं निवडतात, ती कापून छोटी करतात, सल्लागार उत्तर लिहितो आणि दोन्ही शेजारी शेजारी छापतात. आता यात नीट बघण्यासारखी गोष्ट म्हणजे उत्तर एकाला दिलेलं असतं पण वाचतात लाखो. डॉक्टरच्या केबिनचं दार चुकून उघडं राहिलं आणि आतलं बोलणं बाहेर नंबर लावून बसलेल्या सगळ्यांना ऐकू आलं तर कसं होईल, तसं. आत कोण बसलंय ते दिसत नाही, पण बाहेरच्या दहाजणांना तोच त्रास असतो आणि ते श्वास रोखून ऐकत असतात.

दुसरं म्हणजे लोक या पानांना 'समाजाचा आरसा' म्हणतात ते मला पटत नाही. आरशात सगळा चेहरा दिसतो. इथे तसं नाही, कारण ज्याचं सुरळीत चाललंय तो कशाला पत्र लिहील. ही पानं शिवणीसारखी आहेत. कपडा मध्ये कुठेही फाटत नाही, जिथे अंगावर ताण येतो तिथेच तो उसवतो, काखेत, गुडघ्याशी. पत्रं येतात ती अशा उसवलेल्या जागेवरून, म्हणजे समाजाचा नियम एक सांगतो आणि माणसाचं जगणं दुसरीकडे ओढतं तिथून. कोणत्या काळात शिवण कुठे उसवली हे बघत गेलं की त्या काळातलं जेंडर दिसायला लागतं. जेंडर म्हणजे लिंगभाव, बाईच्या किंवा पुरुषाच्या शरीराला समाजाने जोडलेल्या अपेक्षा, बाईने सोसावं, पुरुषाने रडू नये, कमवावं कोणी आणि माफ करावं कोणी, हे सगळं त्यात आलं.

आणि वाचायची एक युक्ती सांगतो जी मला फार उपयोगी पडली आहे. उत्तर वाचून झालं की एवढंच बघायचं, या उत्तरात बदलायला कोणाला सांगितलंय? लिहिणारीला, तिच्या नवऱ्याला, सासरच्यांना, की त्या नियमालाच? बाकी भाषा कितीही गोड असो, हे एक पाहिलं की सल्ल्याचा काळ कळतो.

लंडन, १६९१

हा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूप जुना आहे. १६९१ साली जॉन डंटन नावाच्या लंडनमधल्या पुस्तकविक्रेत्याने 'अथेनियन मर्क्युरी' नावाचं छोटं वृत्तपत्र सुरू केलं, ज्यात वाचकांनी काहीही विचारावं आणि विद्वान मंडळाने उत्तर द्यावं. हे मंडळ कागदावर मोठं होतं, प्रत्यक्षात डंटन, एक गणिती आणि त्याचा एक धर्मगुरू मेहुणा असे मोजून तीन जण मुख्य. लोक कॉफी हाउसमध्ये पत्रं टाकून जायचे. प्रश्न सगळ्या प्रकारचे, समुद्राचं पाणी खारट का असतं इथपासून, आणि त्याच ढिगात प्रेमाचे आणि लग्नाचे. बायकांचे प्रश्न इतके यायला लागले की महिन्यातला पहिला मंगळवार त्यांच्यासाठी ठेवला, आणि १६९३ मध्ये डंटननेच फक्त बायकांसाठी 'लेडीज मर्क्युरी' काढलं, ते चार अंकांत बंद पडलं.

त्या काळात असा प्रश्न आला होता की नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का. उत्तर वाचलं की अंगावर काटा येतो, कारण ते क्रूर नाहीये, ते अडखळतंय. आम्ही हो म्हटलं तर बायकांना वाईट वाटेल, पण बायको ही नवऱ्याच्या शरीराचाच भाग आहे आणि शरीरही कधी कधी स्वतःच्या एका भागाशी झगडतंच की, अशा वळणाने ते जातं. ठाम नाही काही केल्या म्हणत नाही. पण त्याच वृत्तपत्राने बायकांनी शिकावं का या प्रश्नाला मात्र चांगलं, बाजूने उत्तर दिलं होतं. म्हणजे शिकलेली बाई मान्य आणि मार खाणारी बाईही मान्य, दोन्ही एकाच टेबलावर. आपण समजतो काळ एका रांगेत पुढे सरकतो, तसं होत नाही, एकाच डोक्यात दोन शतकं शेजारी बसलेली असतात.

पण मला यात खरी नवी गोष्ट वाटते ती म्हणजे प्रश्नच. तोवर असा प्रश्न बाई धर्मगुरूला विचारणार किंवा आईला, आणि दोघेही तिला ओळखणारे. इथे पहिल्यांदा अनोळखी माणसाला, नाव न सांगता विचारता आलं. ओळखीच्या माणसाला आपण आपली अब्रू सांभाळून विचारतो, अनोळखी माणसाला खरं विचारतो.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या मासिकांबद्दल एवढंच सांगतो की बऱ्याच ठिकाणी प्रश्न छापतच नसत, फक्त टोपणनाव आणि उत्तर. म्हणजे अमक्या 'गुलाब'ला 'नाही, मुळीच नाही' एवढं उत्तर दिसणार आणि बाकीच्यांनी आपापला प्रश्न त्या जागी बसवून बघायचा. लाज इतकी होती की प्रश्नाला छपाईची शाईसुद्धा मिळत नव्हती.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचीही पत्रं

पुढे हे पान रोजच्या पेपरात आलं. १८९० च्या दशकात अमेरिकेत एलिझाबेथ गिल्मर या बाईने 'डोरोथी डिक्स' या नावाने लिहायला सुरुवात केली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षं लिहीत राहिली, ऐन भरात तिचे जगभरात सहा कोटी वाचक होते असं सांगितलं जातं. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मरी मॅनिंगने 'बिॲट्रिस फेअरफॅक्स' या नावाने पान सुरू केलं तेव्हा पत्रं इतकी आली की पोस्टाने पोचवायला नकार दिला, पेपरच्या माणसांना जाऊन ती आणावी लागली, असा किस्सा आहे.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते २० जानेवारी १९०६ ला न्यूयॉर्कच्या 'फोरवर्ट्स' या यिद्दिश भाषेतल्या पेपरात सुरू झालेलं 'बिंटल ब्रीफ', म्हणजे पत्रांचं गाठोडं. संपादक अब्राहम काहान. वाचक म्हणजे पूर्व युरोपातून आलेले गरीब ज्यू कामगार, शिवणाच्या कारखान्यात राबणारे, आणि त्यातल्या कित्येकांना धड लिहिता यायचं नाही, ते पेपरच्या ऑफिसात येऊन सांगायचे आणि तिथलं कोणीतरी लिहून घ्यायचं. जरा डोळ्यासमोर आणा, दिवसभर मशीनवर बसून आलेली बाई अनोळखी माणसासमोर स्टुलावर बसलीये आणि आपला नवरा टाकून गेला हे सांगतीये, आणि तो कागदावर उतरवतोय. नवरे पळून जाण्याचं प्रमाण असं होतं की त्याच पेपरात बेपत्ता नवऱ्यांचे फोटो छापणारं वेगळं सदर होतं.

इथे शिवण कुठे उसवली ते स्पष्ट दिसतं. जुन्या गावात लग्न आईबाप आणि मध्यस्थ ठरवायचे. नव्या शहरात पोरगी स्वतः कमावते, कारखान्यात तिला कोणीतरी भेटतो, तो दुसऱ्या धर्माचाही असू शकतो, आणि तिला आता विचारायचंय की मन कोणाचं ऐकायचं. प्रेम ही तिच्यासाठी नुसती भावना नव्हती, पहिल्यांदाच तिच्या हातात आलेला निर्णय होता, आणि निर्णय घेण्याची सवय कोणीच लावलेली नव्हती. अशा वेळी तुझ्या जागी आणखी कोणी असंच अडकलंय हे छापलेलं दिसणं, हाच निम्मा सल्ला असतो.

मुंबई, १९३४

आता आपल्याकडे. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि त्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं, तोट्यात, स्वतः लिहून, आणि घरखर्चाचा भार पत्नी मालतीबाईंनी मोठ्या प्रमाणावर उचलला. त्यात 'शारदेची पत्रे' नावाचं सदर होतं, तेही लिहायचे कर्वेच, बाईच्या नावाने. आणि वाचकांची प्रश्नोत्तरं होती.

ही प्रश्नोत्तरं फार महत्त्वाची आहेत. कारण त्या काळात बाकी सगळीकडे लग्न आणि शरीर या विषयावर धर्म बोलायचा, वडीलधारी बोलायची, नाहीतर ताकदीच्या औषधांच्या जाहिराती बोलायच्या. हस्तमैथुनाने माणूस खंगतो या भीतीने पोरं रात्र रात्र झोपायची नाहीत, आणि कर्वे त्यांना सरळ सांगायचे की त्याने काही होत नाही. बाईलाही शरीरसुखाची इच्छा असते आणि तिचा त्यावर हक्क आहे, मूल हवं की नको हे ठरवण्याचाही हक्क आहे, हे ते १९३० च्या सुमाराला मराठीत लिहीत होते, साध्या वाक्यांत, गणिताचा मास्तर फळ्यावर पायऱ्या मांडतो तसं.

त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये एका लेखावरून दंड झाला. १९३४ च्या खटल्याचं कारण मात्र हीच प्रश्नोत्तरं होती, हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध या विषयांवरची. या वेळी त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि वाचक मनातली शंका विचारत असतील तर शास्त्रीय माहितीच्या आधारे उत्तर देण्यात गुन्हा कसला. समलिंगी संबंधांच्या मुद्द्यावर तेव्हाच्या पाश्चात्त्य अभ्यासकांच्या लिखाणाचा आधार घेतला गेला. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला.

आता मघाची युक्ती लावून बघा. बाकीचे सल्ले बाईला बदलायला सांगत होते, थोडं गप्प राहा, थोडं सोस. कर्व्यांची उत्तरं पत्र लिहिणाऱ्याला बदलायला सांगतच नाहीत, ती नियमाला बदलायला सांगतात. म्हणून त्यांना कोर्टात जावं लागलं. गोड सल्ला देणाऱ्यावर कोणी खटला भरत नाही. आणि समलिंगी संबंध हा गुन्हा नाही हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे त्या खटल्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी.

'हे लग्न वाचेल का?'

कर्वे गेले त्याच वर्षी, १९५३ मध्ये, अमेरिकेत 'लेडीज होम जर्नल' या लाखोंच्या खपाच्या मासिकात एक सदर सुरू झालं, त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'हे लग्न वाचेल का?' रचना ठरलेली होती. आधी बायकोची बाजू, मग नवऱ्याची बाजू, मग समुपदेशकाचं मत. वाचायला फार ओढ लावणारं, कारण दोन्ही बाजू वाचून आपण मनातल्या मनात निकाल द्यायचा आणि मग तज्ज्ञ काय म्हणतो ते बघायचं.

यातल्या केसेस यायच्या पॉल पॉपेनो या माणसाच्या लॉस एंजेलिसमधल्या संस्थेतून. हा मूळचा खजुराच्या झाडांचा जाणकार, मानसशास्त्राची पदवी नव्हती, आणि 'चांगल्या' लोकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत आणि 'अयोग्य' लोकांची सक्तीने नसबंदी करावी असं सांगणाऱ्या चळवळीतला मोठा प्रचारक. लग्न टिकवणं हे त्याच्यासाठी त्याच कामाचा भाग होतं, योग्य माणसांची घरं मोडू नयेत म्हणून. हे कळल्यावर ते सदर वेगळंच वाचलं जातं.

त्या सदरात लग्न जवळजवळ नेहमी वाचायचं. आणि वाचायचं कसं, तर बायको स्वतःत बदल करायची. नवरा चिडतो, ती जास्त समजून घ्यायला शिकते. नवरा दुर्लक्ष करतो, ती आपली अपेक्षा कमी करते, नीट राहायला लागते. नवऱ्यालाही चार गोष्टी सांगितल्या जात, पण घर दुरुस्त करण्याचं जड सामान तिच्या डोक्यावर. आणि भाषा अगदी प्रेमळ, शास्त्रीय, दोन्ही बाजू ऐकून घेणारी. म्हणून मी म्हणतो त्या खोट्या रिबनच्या यादीपेक्षा हे खरं पान जास्त बोलकं आहे. यादी वाचून बाई रागावेल तरी. इथे तिला वाटायचं की आपली बाजू तर ऐकली, मग चूक आपलीच असणार.

१८ मार्च १९७० ला शंभरेक बायका या मासिकाच्या न्यूयॉर्कच्या ऑफिसात घुसल्या आणि संपादकाच्या केबिनमध्ये अकरा तास ठाण मांडून बसल्या. बायकांच्या मासिकाचा संपादक पुरुष, वरच्या जागांवर पुरुष, हे त्यांना मान्य नव्हतं, आणि असल्या सदरांवरही त्यांचा राग होता. शेवटी तडजोड झाली, ऑगस्ट १९७० च्या अंकात आठ पानं त्यांना मिळाली. त्यात त्यांनी एका लेखाला नाव दिलं, 'हे लग्न वाचवावं का?' वाचेल का च्या जागी वाचवावं का. बदल एका शब्दाचा, पण वाचेल का म्हटलं की लग्न वाचलं पाहिजे हे आधीच ठरलेलं असतं, फक्त उपाय शोधायचा उरतो. वाचवावं का म्हटलं की पहिल्यांदा बाईला विचारलं जातं, तुला हवंय का हे?

पेपरातली मोकळी जागा

त्याच काळात अमेरिकेतली सगळ्यात प्रसिद्ध सल्लागार होती ॲन लँडर्स. हे नाव एखाद्या खुर्चीसारखं होतं, पहिली ॲन लँडर्स वारल्यावर १९५५ मध्ये एस्थर लेडरर या बाईने ती खुर्ची घेतली (आणि काही महिन्यांत तिच्या जुळ्या बहिणीने 'डिअर ॲबी' नावाने दुसरं पान सुरू केलं, दोघींचं त्यावरून वर्षानुवर्षं वाकडं होतं). लेडरर वर्षानुवर्षं लोकांना सांगत आली की लग्न टिकवा, पोरांकडे बघा, घाई करू नका. आणि १ जुलै १९७५ च्या पानात तिने लिहिलं की छत्तीस वर्षांनंतर माझं स्वतःचं लग्न संपतंय. त्या दिवशी तिने संपादकांना विनंती केली की लेखाखाली काही जागा कोरी सोडा, शेवटापर्यंत न पोचलेल्या एका चांगल्या लग्नाची आठवण म्हणून.

पेपरात कोरी जागा सोडणं म्हणजे काय हे छपाईशी संबंध आलेल्या माणसाला कळेल, तिथे एकेका ओळीला पैसे मोजतात. तीस हजारांच्या आसपास पत्रं आली आणि ती बहुतेक सांत्वनाची होती. वीस वर्षं आधी सल्ला देणाऱ्या बाईचाच घटस्फोट झाला असता तर तिची खुर्ची गेली असती. आता लोकांनी तिला जास्त आपलं मानलं. घटस्फोट म्हणजे बाईचं अपयश, ही समजूत तोवर किती पातळ झाली होती हे त्या तीस हजार पाकिटांवरून कळतं.

तीच ॲन लँडर्स समलिंगी माणसांना मात्र बराच काळ आजारी म्हणत राहिली, १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तो आजार नाही असं म्हटल्यावरसुद्धा, आणि तिचं मत बदलायला पुढची कित्येक वर्षं गेली. म्हणजे एका बाबतीत काळाबरोबर आणि दुसऱ्या बाबतीत मागे, तेच १६९१ सारखं.

'पण ही पत्रं ऑफिसातच लिहीत असणार ना?'

हा आक्षेप हमखास येतो, आणि काही वेळा तो खराही आहे. पान नवीन असतं तेव्हा पत्रं कमी असतात, मग ऑफिसातलं कोणीतरी दोनचार लिहून टाकतं, 'बिंटल ब्रीफ'बद्दलही असं सांगितलं जातं. आलेली पत्रं कापली जातात, भाषा सुधारली जाते. पण सगळीच बनावट असतात हे चूक.

यावर मला डॉ. महिंदर वत्सांची गोष्ट आठवते. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ, १९६० च्या दशकापासून मासिकांत वाचकांना उत्तरं द्यायचे, आणि २००५ पासून 'मुंबई मिरर'मध्ये त्यांचं रोजचं सदर गाजलं, वयाच्या ९६ व्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये ते गेले. मासिकात लिहीत असताना त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता, आरोप असा की खप वाढवायला ही पत्रं तुम्हीच बनवता. त्यांनी न फोडलेल्या पत्रांचं पोतं कोर्टात नेलं. न्यायाधीशांनी ती पाहिली आणि खटला निकाली निघाला.

आणि समजा एखादं पत्र बनावट असलं तरी ते निरुपयोगी ठरत नाही. बनवणाऱ्याला लोकांना खरं वाटेल असंच बनवावं लागतं. म्हणजे त्या काळात कुठली अडचण खरी वाटण्यासारखी होती हे त्यातूनही कळतंच.

'लिहिणारे म्हणजे सगळा समाज नव्हे'

हा आक्षेप मात्र पूर्ण बरोबर आहे आणि त्याचं उदाहरण ॲन लँडर्सनेच देऊन ठेवलंय. १९७५-७६ च्या सुमाराला तिने वाचकांना विचारलं, पुन्हा आयुष्य मिळालं तर तुम्ही मुलं जन्माला घालाल का? दहा हजारांच्या आसपास उत्तरं आली आणि ७० टक्के लोक नाही म्हणाले. सगळीकडे खळबळ. मग 'न्यूजडे' या पेपरने चिठ्ठ्या टाकून निवडावं तशी १,३७३ माणसं निवडून तोच प्रश्न विचारला, तर ९१ टक्के हो म्हणाले. ज्याचं मन पोळलंय तो पेन उचलतो, बाकीचे पान उलटतात, एवढाच फरक.

म्हणून या पानांवरून 'तेव्हा इतके टक्के लोक दुःखी होते' असं कधीच म्हणू नये. पण ७० टक्के हा आकडा चुकीचा असला तरी त्यामागची गोष्ट खोटी नाही. हजारो आईबापांनी, आणि विशेषतः आयांनी, मूल झाल्याचा पस्तावा कागदावर लिहून पोस्टात टाकला. त्याच्या चाळीस वर्षं आधी ते वाक्य मनात आणायलाही कोणी धजलं नसतं. किती जणांनी लिहिलं ते मोजायला ही पानं कामाची नाहीत. काय लिहिणं शक्य झालं ते दाखवायला यांच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

'सल्ल्याने कोणी बदलतं का?'

बहुतेक वेळा सल्ला समाजाच्या मागून चालतो. ब्रिटनमध्ये 'जॅकी' नावाचं शाळकरी मुलींचं साप्ताहिक होतं, त्यात 'कॅथी आणि क्लेअर' नावाच्या दोघी मैत्रिणी, ज्या प्रत्यक्षात नव्हत्याच, मुलींच्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या, मुलगा बघून हसला तर काय समजू, मैत्रीण रुसली, असलं. १९७४ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत गर्भनिरोधकं फुकट मिळायला लागली आणि त्याच वर्षी या साप्ताहिकात डॉक्टरचं वेगळं सदर आलं, शरीराबद्दलच्या प्रश्नांसाठी. आधी कायदा, मग पान.

कर्व्यांसारखं कोणीतरी क्वचित पुढे चालतं, आणि त्याची किंमत मोजतं. आणि कधी कधी पानच अपुरं पडतं. 'स्त्री' मासिक १९३० पासून चाललेलं, त्यात पुढे संपादक म्हणून काम केलेल्या विद्या बाळ यांनी १९८२ मध्ये पुण्यात नारी समता मंच उभा करण्यात पुढाकार घेतला आणि तिथे 'बोलते व्हा' हे केंद्र चाललं, जिथे बाई प्रत्यक्ष येऊन बोलू शकते. ज्या बाईला आज रात्री घरात मार बसणार आहे तिला पुढच्या महिन्याच्या अंकातलं उत्तर काय कामाचं. सल्ल्याच्या पानाने एवढं केलं की मार हा 'जमवून घेण्याचा' विषय नाही हे बोलायला जागा दिली, पुढचं काम माणसांनी केलं.

आणि पुरुष?

लोक समजतात की ही पानं बायकांची. पण पुरुष सुरुवातीपासून लिहीत आलेत, डंटनच्या काळातही, न्यूयॉर्कच्या कारखान्यातूनही. कर्व्यांकडे आणि वत्सांकडे तर पुरुषांचे ढीग. फरक आहे तो प्रश्नात. बाई बहुतेक वेळा नात्याबद्दल विचारते, तो असं का वागतो, मी काय करू. पुरुष विचारतो शरीराबद्दल, माझी लांबी पुरेशी आहे का, मी कमजोर आहे का, पहिल्या रात्री जमेल का. १९३० च्या मुंबईत तेच आणि २००५ च्या मुंबईतही तेच. पंचाहत्तर वर्षांत बाईचे प्रश्न 'कसं सोसू' पासून 'सोडू का' पर्यंत आले, आणि पुरुष अजून 'मी पुरेसा पुरुष आहे का' यावरच उभा आहे. मला हे फार दुःखाचं वाटतं, कारण त्या प्रश्नाच्या आड बहुतेक वेळा 'ती माझ्यावर प्रेम करते का' हेच असतं आणि ते विचारायला त्याला शब्द कोणी दिलेले नसतात.

अलीकडे वत्सांच्या सदरासारख्या ठिकाणी उत्तरात एक नवी ओळ वारंवार दिसायला लागली, आधी तिला विचारा. तिला हे हवंय का, तिला दुखतंय का, ती हो म्हणाली का. याला संमती म्हणतात. आणि मघाची युक्ती लावली तर इथे बदलायला पुरुषाला सांगितलंय, आणि काम अवघड काहीच नाही, विचारायचंय फक्त.

छापलेल्या पत्रांपेक्षा न छापलेली कितीतरी जास्त असतात हेही लक्षात ठेवायला हवं. ब्रिटिश मासिकांत वाचकाला सांगायचे की स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवा, उत्तर पोस्टाने येईल. छापायला नको ते तिथे मोकळेपणाने लिहिलं जायचं. पण ज्या घरात बाईची पत्रं नवरा किंवा सासू आधी फोडते तिथली बाई ते पाकीट कशी पाठवणार. ती टोपणनाव लिहायची, खाली कृपया उत्तर अंकातच द्यावे अशी ओळ टाकायची, आणि मग दर अंकात ते नाव शोधत बसायची.